काठावर कोणी नाही

तलावाचं पाणी त्या वर्षी उन्हाळा तापायच्या आधीच मागे हटलं. बाकीच्यांनी ही बातमी वाचली असेल, परटांच्या घराला ती कमरेत कळली. पाणी जितकं आत जाईल तितका धुण्याचा दगड आत न्यायचा, आणि दगडाला काही पाय नसतात. थोरला मागून पहार लावायचा, त्याची बायको थोरली खाली गोल लाकडं सरकवायची आणि दोघं मिळून तो काळा दगड चिखलातून पुढे रेटायची. चिखल गुडघ्यापर्यंत. एक पाय उपसून काढला की दुसरा रुतायचा.

"अहो, जरा बेतानं. माझा अंगठा आहे खाली."

"मग काढ ना अंगठा."

"काढते. दगड तुमच्या आईला धरायला सांगा."

आई, म्हणजे थोरलीची सासू, काठावर दोऱ्या बांधत होती. तिथे खडकाचा लांबलचक उतार होता, ऊन सकाळपासून पडायचं आणि वारा पाण्यावरून सरळ यायचा. वाळवायला याहून चांगली जागा मिळाली नसती. दोऱ्या दोन पेडांच्या, घट्ट पीळ दिलेल्या. पीळ जरा सैल करून त्यात कपड्याचं टोक खुपसायचं, चिमटा लागत नाही. म्हातारीची बोटं सोडा-खारानं पांढरी पडलेली, चिरलेली, पण पिळात टोक खुपसताना ती बघायलाही थांबायची नाही.

दवाखान्याच्या चादरी बाहेरच्या दोरीवर, सदरे त्यांच्या आत, आणि अंगातले कपडे सगळ्यात आतल्या दोरीवर, दोन चादरींच्या मध्ये. वाटेवरून जाणाऱ्याला फक्त पांढऱ्या भिंती दिसाव्यात. गावात कोणाच्या गंजिफ्रॉकला किती ठिगळं आहेत, कोणाचा बारा वर्षांचा मुलगा अजून अंथरूण ओलं करतो, कोणत्या घरात हल्ली दोन वेगळ्या गाद्या पडतात, हे सगळं या घराला ठाऊक असायचं. गाठोडं घरात आलं की त्यातलं घरातल्या घरातसुद्धा बोलायचं नाही. थोरली नवी नवरी असताना एकदा हसून काहीतरी बोलून गेली होती, तर सासूनं दोन दिवस तिच्याशी अबोला धरला होता.

अशाच एका सकाळी, दगड रेटणं चालू असताना, मोजणीवाला आला. तीन पायांचं यंत्र खांद्यावर, नाक उन्हानं सोललेलं. स्वभावानं बरा वाटला. त्यानं यांच्याच कळशीतलं पाणी मागून प्यायलं, लाल कापडाच्या झेंड्या खडकात रोवल्या आणि मग दोरीजवळ येऊन एका सदऱ्याची बाही दोन बोटांत धरली.

"आजी, इथे कोण कोण येतं?"

म्हातारीनं आधी त्याच्या बोटांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"कोणी नाही."

"असं कसं? मग हे कपडे कोणाचे?"

"कोणाचे नाहीत."

"रोज वाळत घालता?"

"हात काढा आधी. डाग पडेल."

त्यानं हसून हात काढला, खिशातला कागद काढून काहीतरी खरडलं आणि यंत्र उचलून पुढे गेला.

थोरली पाण्यातून ओरडली, "आई, कोणाचेच नाहीत म्हणालात? त्याला वाटेल, इथे भुतं कपडे वाळत घालतात."

"वाटू दे. कोणाचा सदरा कोणाचा, ते विचारायला हा कोण?"

---

धाकटा, म्हणजे थोरलीचा दीर, त्याच आठवड्यात नोकरीला लागला. घर एका खोलीचं. अर्ध्या खोलीत इस्त्रीचं टेबल, उरलेल्या अर्ध्यात बाकीचा संसार. थोरली कोळशाची इस्त्री फिरवत होती, कपाळावरचा घाम सदऱ्यावर पडू नये म्हणून मान वाकडी करून. धाकटा दारात उभा राहिला, हातात नवा गणवेश.

"तलावावर वीज होणार आहे, वहिनी. पाण्यावर तरंगते पत्रे बसवायचे, उन्हाची वीज. कंपनीनं मला पहाऱ्याला घेतलंय."

"पहारा कसला? पाणी चोरून नेतंय का कोणी?"

"काठावर तार घालणार. तिथूनच वीज बाहेर काढायची, यंत्रांचं घर बांधायचं. फाटक बसवणार."

इस्त्री थांबली. "कुठल्या काठावर, भावोजी?"

धाकटा गणवेशाच्या घडीकडे बघत म्हणाला, "आपल्या."

"आणि आपल्या काठावर पहारा आपल्याच घरचा?"

"आपला कुठे आहे तो? सरकारचा आहे."

म्हातारी कोपऱ्यात नीळ कालवत बसली होती.  ती उठली, त्याच्या हातातला गणवेश घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्याला अशी खळ घातली की ती विजार भिंतीशी आपल्या आपण उभी राहिली.

"ही घालून बसू कसा मी?" धाकटा कळवळला.

"पहारेकऱ्यानं बसायचं नसतं," म्हातारी म्हणाली.

फाटक बसलं. लोखंडी, दोन माणसांच्या उंचीचं, दोन्ही बाजूंना तार. पहाटे धाकटा साखळी काढायचा, तिघं आपापली गाठोडी डोक्यावर घेऊन आत शिरायची, आणि कंपनीचा साहेब यायच्या आत तो त्यांना बाहेर काढायचा. त्या साहेबाला म्हातारीनं नाव ठेवलं होतं, कडक कॉलर. त्याचे कपडे शहरात धुतले जायचे. गावातला तो एकच माणूस, ज्याचं यांना काही ठाऊक नव्हतं.

घाईत कपडे नीट वाळेनात. दवाखान्याच्या चादरी दमट गेल्या, तर तिथल्या आयाबाईनं परत पाठवल्या. चहावालीचे पडदे पिवळट निघाले. चहावाली बोलली काही नाही, पण पुढच्या वेळी तिनं गाठोडं लहान दिलं, आणि ते थोरलीला लागलं. बोलली असती तर बरं झालं असतं.

थोरला संध्याकाळी भिंतीला पाठ लावून बसायचा. बोलणं त्याला जमायचं नाही, सगळं खांद्यानं करायची सवय.

"दुसरा काठ बघायचा का?" एकदा त्यानं विचारलं.

"कुठला? इकडे गाळ आहे, तिकडे बंगले आहेत. बंगलेवाल्यांच्या दारात तुमची धोतरं वाळत घालू?"

"मी कधी धोतर नेसलो?"

"बोलण्याची पद्धत असते हो," थोरली म्हणाली आणि त्याच्या खांद्यावर तेल चोळायला बसली.

---

जाहीर सुनावणीचा कागद फाटकावरच लागला. ऊर्जा प्रकल्प, हवामान, हरकती व सूचना, सभागृहात, सर्वांनी उपस्थित राहावे. थोरलीनं तो डोक्यावर गाठोडं असतानाच वाचून काढला आणि म्हणाली, "सर्वांनी म्हणजे आपणही."

सुनावणीच्या दिवशी पहाटे तिघांनी नेहमीपेक्षा जास्त धुतलं. दवाखान्याच्या चादरी, शाळेचे पडदे, घरोघरचं. कपडे धोपटून, पिळून दोरीवर निम्मे चढले होते, तेवढ्यात कडक कॉलरची जीप फाटकाशी आली. आज तो लवकर आला होता.

"हे काय आहे? काढा हे सगळं. मोठ्या मॅडम जागा बघायला येताहेत. जागा मोकळी दिसली पाहिजे."

"साहेब, तासाभरात वाळतील," थोरली म्हणाली.

"आत्ता." तो धाकट्याकडे वळला. "तुला कशाला ठेवलाय? काप त्या दोऱ्या."

धाकट्यानं खिशातून चाकू काढला. दोरीपर्यंत गेला. मग चाकू परत खिशात घातला आणि गाठ सोडायला लागला. ओल्या दोरीची गाठ, ओढ पडलेली. नख दुमडलं त्याचं. म्हातारी बाजूला उभी राहून बघत होती.

"आधी खालचा फास ढिला कर," ती म्हणाली. "मी शिकवलेलं विसरलास?"

त्यानं खालचा फास ढिला केला. दोरी सुटली, चादरी खाली आल्या. थोरलीनं धावत जाऊन त्या जमिनीला लागायच्या आत हातांवर झेलल्या. ओल्या चादरींच्या भारानं ती गुडघ्यावर आली, पण एकही टोक मातीला लागू दिलं नाही.

"साहेब," ती तिथूनच म्हणाली, "ओला कपडा बांधून ठेवला तर दुपारपर्यंत कुबट होतो. हे वाळवायचे कुठे?"

"कुठेही वाळवा. एवढं गाव पडलंय."

"कुठेही?"

"म्हटलं ना, कुठेही!"

वाळलेल्या कपड्यांचं गाठोडं डोक्यावर बसतं. ओल्याचं मान दाबतं. तिघं गावात येईस्तोवर थोरलीच्या पाठीवरून पाण्याचे ओघळ टाचेपर्यंत पोचले होते. घराचा बोळ आला. दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं मागे फिरावं असा बोळ. ऊन तिथे वाट चुकूनही येत नाही. थोरला वळला. थोरली वळली नाही.

"कुठे निघालीस?"

"सभागृहात. मोठमोठ्या खिडक्या आहेत, वर पंखे आहेत. साहेबांनीच सांगितलंय, कुठेही."

म्हातारी मधोमध थांबली. "सूनबाई, लोकांचे कपडे लोकांसमोर उलगडायचे? मी मेल्यावर कर ते."

"मग काय करू, आई? चादरी घरात कुजवू?"

"ऐकून घेऊ आधी काय म्हणतात ते. गाठोडी भिंतीशी ठेवायची. सोडायची नाहीत."

थोरला मध्ये पडला नाही. त्यानं फक्त आईच्या डोक्यावरचं गाठोडं उचललं आणि आपल्या गाठोड्यावर ठेवलं.

---

सभागृहात लाल जाजम घातलं होतं. पुढे मंचावर टेबल, टेबलावर पांढराशुभ्र टेबलक्लॉथ, मागे कंपनीचं मोठं चित्र: निळं पाणी, त्यावर ओळीनं काळे चमकते पत्रे, आणि काठावर हिरवळ. चित्रात माणूस एकही नव्हता. मधे सुनावणी घेणाऱ्या सरकारी मोठ्या मॅडम बसल्या होत्या, चष्मा कपाळावर सरकवून डोळे चोळत. एका हाताला कारकून, दुसऱ्या हाताला कडक कॉलर. खुर्च्या बऱ्याच भरल्या होत्या. चहावाली होती, दवाखान्याची आया होती, कोट घातलेला घड्याळवाला पहिल्या रांगेत होता. त्याच्या दुकानात दुपारभर वीज नसायची, म्हणून हा प्रकल्प त्याला हवा होता आणि तो तसं सगळ्यांना सांगायचा. दाराशी धाकटा उभा, ताठ. बसणं शक्यच नव्हतं.

तिघांनी गाठोडी मागच्या भिंतीशी ठेवली. खालून पाणी जाजमात झिरपायला लागलं.

कडक कॉलर चांगलं बोलला. पाऊस लांबतोय, उन्हाळे वाढताहेत, तलाव आटतोय, हे सगळं धुरानं होतंय. ही वीज धुराविना होणार. थोरली मान हलवत ऐकत होती, कारण त्यातलं खोटं काहीच नव्हतं. आटलेल्या तलावात दगड तिनंच ढकलला होता.

"ही स्वच्छ ऊर्जा आहे," तो शेवटी म्हणाला. "कोणाला काही विचारायचंय?"

थोरलीनं हात वर केला. बाही अजून कोपरापर्यंत सारलेली होती.

"स्वच्छतेला आमची ना नाही, साहेब. आमचं पोटच तिच्यावर आहे." कोणीतरी हसलं. "आणि वीजही हवीय. कोळशाच्या इस्त्रीनं माझे हात बघा. पण पत्रे तर पाण्यावर बसणार. काठ कशाला हवाय? तुमच्या तारा बंगल्यांच्या बाजूनं काढा की."

"तिकडे शक्य नाही. तिकडे लोक राहतात, त्यांना त्रास होईल."

"आणि इकडे?"

"इकडे कोणी नाही."

"मी रोज कमरेएवढ्या पाण्यात उभी असते ती कोण मग?"

आता हसणं मोठं झालं. मॅडमनी चष्मा डोळ्यांवर घेतला. कडक कॉलर हसला नाही. त्यानं कारकुनाला खूण केली. "पाहणी अहवालात स्पष्ट आहे, मॅडम. वाचून दाखवा."

कारकून उभा राहून वाचायला लागला. "सदर काठ कोणाच्याही नियमित वापरात आढळला नाही. जागेवर उपस्थित वृद्ध स्थानिक महिलेस विचारले असता, इथे कोणी येत नाही व येथील वस्तू कोणाच्याही नाहीत, असे तिने सांगितले."

थोरलीचा वर केलेला हात आपोआप खाली आला. तिनं मागे बघितलं नाही. थोरल्यानं बघितलं.

म्हातारी भिंतीशी उभी होती.  मग ती खुर्च्यांच्या मधून पुढे चालत आली, ओल्या पायांचे ठसे उमटवत.

"ती म्हातारी मी," ती म्हणाली.

"तुम्ही असं सांगितलं होतं, आजी?" मॅडमनी विचारलं.

"सांगितलं होतं."

"मग ते खोटं होतं का?"

"खोटं का बोलेन? तो माणूस दुसऱ्याच्या सदऱ्याला हात लावून विचारत होता, कोणाचा म्हणून. लोक आम्हाला अंगावरचं देतात, बाई. अंथरुणावरचं देतात. कोणाचं काय, ते आम्ही नवऱ्याला सांगत नाही, तर मोजणीवाल्याला सांगू? म्हटलं, कोणाचे नाहीत. त्यानं लिहून घेतलं तर मी काय करू? त्याला अक्कल नको?"

 मॅडम पुढे वाकल्या. "ठीक आहे. आता सांगा. कोणाकोणाचे कपडे तुम्ही तिथे वाळवता? नावं सांगा, मी लिहून घेते."

थोरलीला वाटलं, आता सांगतील. एवढ्या लोकांत, एवढं गळ्याशी आलेलं असताना.

म्हातारीनं मान हलवली. "ते नाही सांगणार."

"अहो आजी, पण मग..."

"नाही सांगणार म्हणजे नाही."

"बघा मॅडम." कडक कॉलर खुर्चीत मागे टेकला. "ना नाव, ना गाव. मी म्हणतो, पुढे जाऊ या."

मॅडमनी उसासा सोडून कागद उलटला. कागद उलटल्याचा आवाज मागच्या भिंतीपर्यंत ऐकू गेला.

म्हातारी वळली. "सूनबाई," ती म्हणाली, "सोड गाठोडी."

थोरलीला दोनदा सांगावं लागलं नाही. तिनं काठावरून सोडून आणलेल्या दोरीचं भेंडोळं थोरल्याकडे फेकलं. त्यानं एक टोक खिडकीच्या गजाला बांधलं, दोरी लोकांच्या डोक्यांवरून ओढत पलीकडे गेला आणि दुसरं टोक समोरच्या गजाला. मग दुसरी दोरी. तिसरी मंचाच्या खांबापासून. म्हातारीनं पिळात पहिली चादर खुपसली आणि ती मोठ्या मॅडमच्या आणि जनतेच्या मधोमध पसरली.

"हे काय चाललंय?" चादरीच्या पलीकडून कडक कॉलरचा आवाज आला. "ए! पहारेकरी! बाहेर काढ यांना!"

धाकटा दारातून निघाला. सगळ्यांनी माना वळवल्या. तो सरळ वहिनीपर्यंत आला. तिच्या हातात दवाखान्याची चादर होती, पहाटे पिळायची राहिलेली, अजून पाणी गळत असलेली. तिनं तिचं एक टोक त्याच्या हातात दिलं.

"धरा, भावोजी."

त्यानं धरलं. पाय फाकवून रोवले. ती डावीकडे वळवायला लागली, तो उजवीकडे. दहाव्या वर्षापासून केलेलं काम. हातांनी त्याला विचारलंच नाही. चादरीचा दोरखंड झाला आणि कळशीभर पाणी लाल जाजमावर बदाबदा पडलं. तेव्हा कुठे धाकट्याला कळलं आपण काय करतोय. तो तसाच उभा राहिला, पिळलेलं टोक हातात, कान लाल.

"सोड आता. नीट पिळलीस," म्हातारी म्हणाली, आणि चादर त्याच्या हातातून घेऊन दोरीवर टाकली. तो परत दाराशी गेला नाही. बाहेरही काढलं नाही त्यानं कोणाला.

बाहेरच्या दोरीवर चादरी. आत सदरे. सगळ्यात आत, दोन चादरींच्या मध्ये, अंगातले कपडे. काठावर जसं तसंच. पंखे सुरू होते. सगळं हळूहळू हलायला लागलं. लोक माना उंचावून बघत होते आणि ज्याला ज्याला आपलं दिसलं तो मान खाली घालत होता.

"मी कोणाचं नाव सांगणार नाही," म्हातारी मंचाकडे बघत म्हणाली. "ज्याचं त्यानं उठून सांगावं. नाही सांगितलं तरी कपडे वाळवून घरी पोचवीन."

कोणी उठलं नाही.  थोरलीला पहिल्यांदाच वाटलं की आपण गावासमोर तिघंच आहोत.

मग चहावाली उठली. "तो पांढरा झालरीचा पडदा माझा. मागे पिवळा झाला होता, तो यांच्यामुळे नाही, त्या फाटकामुळे. मला माहीत होतं. बोलले नाही."

"चादरी दवाखान्याच्या आहेत," आया म्हणाली. "एकवीस खाटांच्या. आणि संध्याकाळी मला त्या लागणार आहेत, हे ज्यांना पुढे जायचंय त्यांनी लक्षात ठेवा."

"पडदे शाळेचे," मागून कोणीतरी.

"सदरा माझा. तो निळा."

"निळा माझा आहे. तुझा शेजारचा."

"अरे, दोघांचेही आहेत, बसा!"

विश्रामगृहाचा रखवालदार भीतभीत उठला. "मॅडम, माफ करा. काल रात्री आपण ज्या चादरीवर झोपलात, तीही त्याच काठावर वाळलेली."

हसण्याचा लोंढा आला. मॅडमसुद्धा चादरीच्या कडेवरून बघत हसल्या. कारकुनानं हळूच समोरचा टेबलक्लॉथ चाचपला, आणि त्यावर मांडववाला दारातून ओरडला, "हो हो, तोपण!"

पहिल्या रांगेत घड्याळवाला अजून बसलेला होता. कोट, चकचकीत बूट. तो आतल्या दोरीकडे बघत होता. चादर वाऱ्यानं जरा बाजूला झाली की तिथे एक गंजिफ्रॉक दिसायचा. मूळ कापड कुठलं आणि ठिगळ कुठलं हे सांगता येऊ नये असा. म्हातारीच्या ते लक्षात आलं तशी ती चादर ओढून घ्यायला पुढे झाली.

"राहू द्या, आजी," घड्याळवाला म्हणाला आणि उठला. कोटाची बटणं लावली. "आतल्या दोरीवरचा गंजिफ्रॉक माझा आहे. वीज मला हवीच आहे. पण इतकी वर्षं हा तिथे वाळला आणि कोणाला कळला नाही, म्हणून तिथे कोणी नाही असं लिहिणार असाल तर ते मला चालणार नाही."

कोणी हसलं नाही.

मॅडमनी कारकुनाच्या हातातला कागद घेतला आणि स्वतः लिहायला लागल्या. बराच वेळ लिहीत होत्या. "काठ रोजच्या वापरात आहे, हे नोंदवलं. अहवालातली पहिली ओळ रद्द करण्याची शिफारस केली. तारांची दुसरी वाट तपासावी, हेही लिहिलं." त्यांनी पेन ठेवलं. "पण खरं सांगते. मी फक्त लिहून पाठवते. निर्णय वर होतो."

"किती वर?" थोरलीनं विचारलं.

"बराच वर."

"मग तो खाली येईपर्यंत आम्ही तिथेच असू. त्यांना पत्ता सांगा आमचा."

"सुनावणी संपली," कडक कॉलर उभा राहिला. "आता हे उतरवा."

म्हातारीनं एका चादरीची कड गालाला लावून पाहिली. "अजून ओल आहे," ती म्हणाली आणि रिकाम्या झालेल्या खुर्चीवर बसली. चहावाली तिच्या शेजारी बसली. मग आया. मग घड्याळवाला, आपल्या गंजिफ्रॉकच्या बरोबर खाली. मॅडमनी घड्याळात पाहिलं, माणसांकडे पाहिलं आणि परत खुर्चीत टेकल्या.

कपडे वाळेपर्यंत कोणी उठलं नाही.

---

दुसऱ्या दिवशी पहाटे तिघं फाटकाशी पोचली तर साखळीला नवं कुलूप होतं. धाकटा तारेला टेकून उभा होता, घरच्या कपड्यांत.

"किल्ली साहेबांनी काढून घेतली," तो म्हणाला. "गणवेशपण."

"बरं केलं," म्हातारी म्हणाली. "मला ती खळ धुववत नव्हती."

मागून पावलं वाजली. चहावाली येत होती, आपलं गाठोडं स्वतः डोक्यावर घेऊन. तिच्या मागे आया, एक हातगाडी ढकलत. मग आणखी काही जण, आणखी काही. घड्याळवाला कोटाशिवाय, काखेत लहानसं बोचकं. रोज हीच गाठोडी मागच्या दारानं, अंधार धरून गोळा व्हायची. आज माणसं ती उजेडात, रस्त्याच्या मधून घेऊन आली होती.

म्हातारी बघतच राहिली आणि मग कावली. "एवढं सगळं एकदम? माणसं आहोत की काय आहोत आम्ही? आज कपडे उकळायला भट्टी तरी लावलीय का?"

"आज नाही तर उद्या धुवा," चहावाली म्हणाली. "आम्ही फक्त आणून ठेवतोय. लोकांना दिसू दे."

"पण फाटक बंद आहे."

थोरला इतका वेळ कुलपाकडे नाही, फाटकाच्या दुसऱ्या बाजूला बघत होता, जिथे ते बिजागऱ्यांवर बसवलेलं होतं. त्यानं डोक्यावरचं गाठोडं बायकोकडे दिलं. तळहातांवर थुंकला. खाली वाकून फाटकाच्या आडव्या लोखंडाखाली खांदा घातला. धाकटा न सांगता त्याच्या शेजारी वाकला.

"एक," थोरला म्हणाला. तो सकाळपासून बोललेला पहिला शब्द.

दोघांच्या मानांच्या शिरा तट्ट फुगल्या. लोखंड करकरलं. खालची बिजागरी सुटली, मग वरची, आणि ते अख्खं फाटक त्यांच्या खांद्यांवर आलं. ते त्यांनी साखळीच्या बाजूनं तोलत तोलत फिरवून नेलं आणि तारेच्या खांबाला टेकवून उभं केलं. वाट उघडी झाली. पाण्यावरून वारा सरळ तोंडावर आला.

माणसं गाठोडी घेऊन आत शिरायला लागली. म्हातारी फाटकापाशी थांबली, ते डगमगत नाही ना ते हलवून पाहिलं आणि खाली एक धोंडा लावला.

"संध्याकाळी जाताना होतं तसं परत बसवा रे," ती मुलांना म्हणाली. "दुसऱ्याची वस्तू आहे."

"आणि उद्या, आई?" थोरलीनं विचारलं.

"उद्या परत काढतील. त्यांना काय धाड भरलीय?"